या हंगामात मंडळाची शिफारस

काळेवाडी,
५ जानेवारी २०२४

आदरणीय सुमनताई,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी नबीला, काळेवाडीची. इतिहासात एम. ए. केलं आणि आता तुमच्या जुन्या कचेरीचा इतिहास लिहितेय. राष्ट्रीय पर्यटन प्रसार मंडळाला यंदा साठ वर्षं होतात, म्हणून मंडळाला गुळगुळीत कागदाचं एक जाडजूड पुस्तक हवंय. ते काम पुण्याच्या एका प्रकाशन कंपनीला मिळालं आणि कंपनीने ते माझ्या गळ्यात घातलं. मी घरूनच लिहिते. घर म्हणजे अब्बांच्या सायकलदुरुस्तीच्या दुकानावरची खोली. खाली हातोडी चालू असली की वर माझं टेबलही हलतं.

मंडळाने मला खोकेभर फोटो पाठवलेत. सगळ्यांत कुणी ना कुणी मंत्री फीत कापतोय. साठ वर्षांत किती फिती कापल्या गेल्या यावर मी आत्ता निबंध लिहून देईन, पण हे मंडळ रोज सकाळी उघडून नेमकं करायचं काय, ते कुठेच सापडत नाही. दिल्लीच्या एका निवृत्त गृहस्थांनी सांगितलं, 'पत्रोत्तर विभागाच्या सुमनताईंना विचारा, त्या पुण्याकडे कुठेतरी असतात.' कुठेतरी म्हणजे महाळुंगे निघालं.

मी फोन केला तो तुमचे भाचे दिग्विजय यांनी घेतला. म्हणाले, 'आत्याला ऐकू येत न्हाई, मोबाइलवरचं बारीक अक्षर दिसत न्हाई. कागदावर लिव्हा, तिला त्याचीच सवय हाय.' माझा मोठा भाऊ नुमान टेम्पोतून पुठ्ठ्याचे खोके पोचवतो, आणि दिग्विजय ज्या कंपनीत आहेत तिथेच पोचवतो. म्हणजे आपलं टपाल कंपनीच्या गेटवरून जाईल-येईल. तुम्ही तिथे काय करत होता, एवढं सांगाल का?

आपली,
नबीला

•

महाळुंगे,
१३ जानेवारी २०२४

चि. नबीला हिस अनेक आशीर्वाद.

वयाने मी त्र्याहत्तर, तेव्हा तुला 'तू'च म्हणते. किती वर्षांनी मला चौकशीचं पत्र आलं, म्हणून आधी ते दोनदा वाचलं.

मंडळ सुरू झालं तेव्हा एका सरकारी इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्या होत्या. एकीत संचालक बसत, दुसरीत पोस्टरं. संचालकांची खोली लहान होती. लष्करात कारकून असलेल्या मामांकडे मी शिकायला दिल्लीला गेले होते. टायपिंग येत होतं, म्हणून १९७३ साली चिकटले. तोवर मंडळाला अख्खा मजला मिळाला होता आणि परदेशी कचेऱ्या उघडत होत्या. साहेब लोक तिकडे जायला धडपडत. आम्ही पत्रोत्तर विभागातल्या बायका दिल्लीतच.

जगभरातून पत्रं यायची. वाघ नक्की दिसेल का, पाणी प्यायचं की उकळायचं, हत्तीवर बसताना चष्मा काढावा का. प्रत्येकाला उत्तर जायचं आणि त्याचे दोन नियम पहिल्या संचालकांनी घालून दिले होते. एक, उत्तर असं लिहायचं की लिहिणारी स्वतः नुकतीच तिथून परतलीय. वाक्य ठरलेलं होतं : 'मी गेल्याच आठवड्यात तिथे जाऊन आले.' दुसरा, पत्रात 'नाही' हा शब्द येता कामा नये. देश पाहुण्याला नकार देतोय असं वाटू नये म्हणून.

मी कुठेही गेलेली नव्हते, बरं का. हॉस्टेल, बस, कचेरी. नकाशे आणि माहितीपत्रकं समोर ठेवायची आणि लिहायचं की काल संध्याकाळी वाळवंटात वारा फार गोड सुटला होता. छत्तीस वर्षं मी असा देश फिरले. मग फॅक्स आला, मग संकेतस्थळ आलं, आणि २००९ मध्ये विभाग आणि मी एकदमच निवृत्त झालो. थोरला भाऊ मालोजी म्हणाला, घरी ये. आले. आता तो गेला. त्याचा मुलगा दिग्विजय आणि सूनबाई विजयश्री, दोघंही कंपनीत आहेत आणि दोघंही माझं फार करतात.

इथे माझं छान चाललंय. खोलीला पश्चिमेची खिडकी आहे, बाहेर शेवगा. सकाळी कारखान्यांच्या पत्र्यांवर ऊन चमकतं आणि त्यामागे भामचंद्राचा डोंगर. आणखी विचार.

तुझी,
सुमनताई

•

काळेवाडी,
२१ जानेवारी २०२४

प्रिय सुमनताई,

तुमचं पत्र मी अम्मीला वाचून दाखवलं. हत्ती आणि चष्म्यावर ती इतकी हसली की खालून अब्बा विचारायला आले. तुमचे दोन नियम म्हणजे पुस्तकाचं पहिलं प्रकरण, हे मी ठरवून टाकलंय.

पण एक शंका आहे. देश म्हटला की पूर आला असेल, दंगल झाली असेल, एखादी जागा बंद पडली असेल. तेव्हा 'नाही' न म्हणता काय लिहायचा तुम्ही?

आणि खरं सांगू, मला तुमचा हेवा वाटला. आमच्याकडे एक खिडकी आहे ती समोरच्यांच्या गॅलरीत उघडते. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून मी वेळ ओळखते. चार माणसं, एक खोली, त्यात माझं टेबल. दिवसभर पर्यटनाबद्दल लिहिते आणि स्वतः फार तर पिंपरीच्या बाजारापर्यंत जाते. तुमच्याकडे एकदा येऊ का? शेवग्याखाली बसून बोलू. म्हणजे लिहू.

तुमची,
नबीला

•

महाळुंगे,
३ फेब्रुवारी २०२४

चि. नबीला,
अनेक आशीर्वाद.

नेमका प्रश्न विचारलास. एका वर्षी तळ्याकाठचं मंडळाचं विश्रामगृह जळून गेलं. लोकांची पत्रं येतच होती. 'बंद' लिहायला मनाई. शेवटी वरून मजकूर आला : 'या हंगामात मंडळ तळ्यापेक्षा अरण्याची शिफारस करतं.' तो हंगाम नऊ वर्षं चालला. पुढे ती रीतच झाली. रस्ता खचला, साथ आली, कुठे माणसं एकमेकांच्या जिवावर उठली, की त्या जागेचा हंगाम सुरू व्हायचा. आम्ही दुसऱ्याच जागेचं भरभरून कौतुक करायचो. जितकं कौतुक जास्त, तितकी पहिली जागा वाईट अवस्थेत, हे विभागातल्या शिपायालाही ठाऊक होतं.

बाहेरच्यांपैकी ते एकालाच कळलं. कोपनहेगनला येन्सन नावाचे प्रवासी एजंट होते. आमचं पत्र पोचलं की ते उलट टपाली एकच ओळ लिहीत : 'हंगाम किती दिवसांचा?' त्यांना मात्र आम्ही खरं कळवत असू. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण जो माणूस नेमकं विचारतो त्याला खोटं सांगायचं धाडस आमच्यापैकी एकीलाही व्हायचं नाही.

(बघ, नियम सांगताना लिहिला तो सोडला, तर निवृत्त झाल्यावर आज पहिल्यांदा 'नाही' हा शब्द माझ्या हातून पत्रात गेला. खोडत बसले तर दिसायला वाईट दिसेल.)

तू येते म्हणालीस, फार बरं वाटलं. या हंगामात महाळुंग्याला येण्यापेक्षा पत्रांची शिफारस आहे. फेरफटक्यापेक्षा खिडकीची, आणि पुढच्या अंगणापेक्षा मागच्या बाजूची. मागून शेवगा फार सुंदर दिसतो.

तुझी,
सुमनताई

•

काळेवाडी,
१२ फेब्रुवारी २०२४

प्रिय सुमनताई,

तुमची शिफारस मान्य. 'फेरफटक्यापेक्षा खिडकीची' हे वाक्य मी टेबलासमोर चिकटवलंय. माझ्या आळसाला मंडळाची अधिकृत मंजुरी मिळाली. गुडघे दुखत असतील तर तसं सांगा, नुमान चांगलं तेल आणून देईल.

इकडे वाईट बातमी आहे. हंगामाचं प्रकरण मी जीव ओतून लिहिलं. मंडळाच्या तपासनीस साहेबांनी समासात लाल शाईने लिहून पाठवलं : 'नकारात्मक. वगळावे.' मी प्रकाशन कंपनीत फोन केला तर तिथले गृहस्थ म्हणाले, 'मॅडम, आपल्याला खरं-खोटं नको, चारशे पानं हवीत.' काम सोडून द्यावंसं वाटलं. सोडून जाऊ कुठे? गेल्या दोन वर्षांत हे एकच काम हाताला लागलं. म्हणून आता त्या जागी परदेशी कचेऱ्यांच्या उद्घाटनांबद्दल लिहितेय. पुन्हा फितीच. मी पण तुमच्याच विभागात नोकरीला लागल्यासारखं झालंय, फक्त पेन्शन नाही.

तुम्ही तरी निवांत आहात. मला तुमच्या शेवग्याबद्दल आणखी लिहा.

तुमची,
नबीला

•

महाळुंगे,
२० मार्च २०२४

चि. नबीला,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला महिना लागला. या हंगामात नव्या कागदापेक्षा जुन्या कॅलेंडरच्या पाठीची शिफारस आहे, म्हणून पानाच्या मागे एकादशी दिसेल.

तू शेवग्याबद्दल विचारलंस, पण आधी निवासाबद्दल. खोली हवेशीर असून खिडकीला भक्कम गज आहेत. दाराची सर्व व्यवस्था बाहेरून पाहिली जाते, त्यामुळे पाहुण्याचे कडी काढण्याचे कष्ट वाचतात. पहिल्या पाळीपासून संध्याकाळपर्यंत अखंड शांतता लाभते. जेवण सकाळीच झाकून ठेवलेलं असल्याने हवं तेव्हा घेता येतं. एकांत आवडणाऱ्यांसाठी याहून उत्तम स्थळ मंडळाच्या यादीत सापडणं अवघड.

शेवग्याला शेंगा लागल्या आहेत. अंगण फार रम्य झालंय. मी गेल्याच आठवड्यात तिथे जाऊन आले.

तुझी,
सुमनताई

•

काळेवाडी,
२८ मार्च २०२४

प्रिय सुमनताई,

तुमचं पत्र काल इफ्तारच्या जरा आधी नुमानने आणून दिलं. वाचलं, मग तुमची आधीची पत्रं काढून पुन्हा वाचली. अजान झाली तरी माझा हात पाण्याच्या पेल्याकडे गेला नाही. अम्मीने विचारलं तेव्हा कळलं.

आज जास्त लिहीत नाही. पुस्तकासाठी एकच चौकशी आहे, येन्सन साहेबांच्या पद्धतीची.

हंगाम किती दिवसांचा?

नबीला

•

महाळुंगे,
२ एप्रिल २०२४

चि. नबीला,

हंगाम दिवाळीनंतर सुरू झाला. सकाळच्या पाळीबरोबर लागतो, पाळी सुटली की उठतो. गुरुवारी सुट्टी. बंद होण्याची तारीख अजून ठरायची आहे.

विचारलंस, बरं केलंस.

सुमन

•

काळेवाडी,
१४ एप्रिल २०२४

दिग्विजयभाऊ,
नमस्कार.

काल शनिवारी मी तुमच्या घरी येऊन गेले. तुम्हाला कळलं नसेल, कारण तुम्ही दोघं कंपनीत होता. घरी सुमनताई होत्या आणि पुढच्या दाराला बाहेरून कुलूप होतं.

हाक मारून उपयोग नव्हता. मी वळसा घालून मागे गेले, शेवग्याची एक फांदी तोडली आणि खिडकीसमोर हलवत राहिले. त्या आल्या. आम्ही एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, तरी त्यांनी लगेच ओळखलं. ईद होऊन गेली म्हणून मी त्यांच्यासाठी शीरखुर्मा नेला होता. डबा गजांतून आत जाईना. आडवा केला, तिरका केला, तरी जाईना. शेवटी मी बाहेर उभी राहून त्यांना चमच्याने भरवला. सुरुवातीला दोघींना हसू येत होतं. मग मला पुढे भरवता येईना.

तुम्ही वाईट माणूस आहात असं मला वाटत नाही. त्यांच्या अंगावरचं पातळ स्वच्छ होतं, औषधं नीट लावलेली दिसत होती. पण उद्या शॉर्टसर्किट झालं, त्यांना चक्कर आली, तर? किल्ली कंपनीच्या लॉकरमध्ये आणि माणूस गजांच्या आत. बाहेरून कुणी हाका मारल्या तर त्या त्यांना ऐकूही यायच्या नाहीत. हे मी पोलिसांना सांगू शकते. आधी तुम्हाला विचारतेय. असं का केलंत?

नबीला

•

महाळुंगे,
१८ एप्रिल २०२४, गुरुवार

नबीलाताई,
नमस्कार.

मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही. सांभाळून घ्या.

दिवाळीनंतरची गोष्ट आहे. मी कंपनीच्या गेटवर ड्युटीला होतो. समोर रस्त्यावर कंटेनरने करकचून ब्रेक मारला, पार टायर जळाल्याचा वास आला. पुढे आत्या उभी. हातात पिशवी. मागून हॉर्न वाजत होते आणि ती आपली निवांत रस्ता ओलांडत होती, कारण तिला त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. ड्रायव्हर खाली उतरून रडायला लागला. मी तिला घरी आणलं आणि पाटीवर लिहून विचारलं, कुठं चालली होतीस? ती म्हणाली, 'बसस्टॉपवर. बस कुठे जाते ते बघायला.'

इथं लहानपणी आम्ही त्या रस्त्यात गोट्या खेळायचो. आता दिवसरात्र कंटेनर. दोघांच्या पगाराशिवाय घर चालत नाही. दिवसभर सोबतीला बाई ठेवली होती, ती आठवड्यात निघून गेली. म्हणून कुलूप लावलं. पहिल्या दिवशी कामात लक्ष लागलं नाही. मग सवय झाली. सवय झाली हेच वाईट, आता कळतंय.

अजून एक सांगतो. तुमची पत्रं गेटवर उघडीच असायची, मी वाचायचो. आत्याचीपण वाचायचो. ती घराबद्दल इतकं छान लिहायची. हवेशीर खोली, शांतता, शेवगा. मला वाटायचं आत्या खूश आहे. मी ती पत्रं जेवणाच्या सुट्टीत बायकोला दाखवायचो, बघ म्हणायचो, आपल्या घराचं किती चांगलं लिहिलंय. कॅलेंडरच्या पाठीवरचं तर मी मित्रांना वाचून दाखवलं.

तुमचं पत्र विजयश्रीला दाखवलं. ती म्हणाली, 'आत्या बहिरी हाय, येडी न्हाई. आपुन तिला म्हशीवानी कोंडून घातलीय.'

एक किल्ली आता शेजारच्या सोपानरावांकडे ठेवतोय, काही झालं तर उघडायला. मंगळवारी नुमानभाऊंचा टेम्पो सकाळी खोके उतरवून काळेवाडीला परत जातो आणि संध्याकाळी पुन्हा इकडे येतो. त्या दिवशी ते आत्याला नेतील-आणतील का? टेम्पोत बसवून द्यायला मी स्वतः गेटबाहेर येईन. त्यापुढचं आज माझ्याच्याने होत नाही. रस्ता दिसला की मला तो टायरचा वास येतो.

दिग्विजय

•

महाळुंगे,
६ मे २०२४

चि. नबीला,
अनेक आशीर्वाद.

काळेवाडी या स्थळाविषयी मला आता लिहिता येईल. मी गेल्याच आठवड्यात तिथे जाऊन आले.

हे वाक्य मी किती हजार वेळा लिहिलं असेल कुणास ठाऊक. आज लिहून पेन खाली ठेवलं. पहिल्यांदाच ते खरं होतं.

तर काळेवाडी. तिथे गारवा नाही. तुमचा जिना अरुंद आहे आणि त्याला कठडा नाही, वर चढताना मी तुझ्या अब्बांच्या खांद्यावर सगळा भार टाकला. खोलीत चार माणसांना जागा नाही, त्यात मी पाचवी. समोरच्यांचा कुकर मला ऐकू येत नाही, पण शिट्टी झाली की तू मान वर करतेस, तेवढ्यावरून कळतं. सकाळी तुमच्याकडे जाताना टेम्पो मोशीच्या अलीकडे ट्रकांत अडकला तो हलेचना. नुमान वैतागून स्टिअरिंगवर हात आपटत होता. मला मात्र तिथेच संध्याकाळ झाली असती तरी चाललं असतं. शेजारच्या ट्रकच्या क्लीनरने माझ्याकडे बघून हात हलवला. मीही हलवला. तुझ्या अम्मीने शीरखुर्मा वाटीत दिला आणि ती वाटी मी माझ्या हाताने तोंडाला लावली.

तुझ्या पुस्तकात हंगामाचं प्रकरण येणार नसेल तर राहू दे. मंडळाने साठ वर्षं ते झाकलं, आणखी साठ झाकेल. ते कागद फाडू मात्र नकोस. नुसत्या फितींच्या इतिहासावर तुझं नाव आलेलं मला चालणार नाही.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, पण ती तुझ्या मनात असेल. 'या हंगामात'ची ती शिफारस मी तुला खूण म्हणून पाठवली, की तसं लिहायची नुसती सवयच होती? खरं सांगते, मलाही माहीत नाही. दार बंद झालं आणि मी माहितीपत्रक लिहायला बसले. दुसरं काही मला येतच नव्हतं.

मंगळवार छान गेला. बुधवारी सकाळी कुलूप लागलं. ते लावताना दिग्विजयने माझ्याकडे पाहिलं नाही.

दिग्विजय, हे पत्र तू गेटवर उघडशील, ठाऊक आहे. उघड. वाचून विजयश्रीला दाखव आणि तुझ्या मित्रांनाही वाचून दाखव. खोली हवेशीर आहे, शेवगा सुंदर आहे, तू माझ्यावर जीव टाकतोस हे मला कळतं. ते टायर जळाले तेव्हा तू केवढा घाबरलास, तेही कळतं. पण बाळा, मला इथे राहायचं नाही असं नाही. मला इथे कोंडलेलं आवडत नाही.

तुझी आत्या,
सुमन